तिसऱ्या नंबरचा प्लग

रबरी हातमोजा घातलेल्या हाताने मिस्त्रिणीने पहिल्या सिलिंडरच्या प्लगवरची वायर उपसली, तशी आधीच लटपटणारी पिकअप आणखी हादरली आणि बंद पडता पडता राहिली. तिने वायर परत बसवली. दुसरी उपसली, पुन्हा तेच. तिसरी उपसली, आणि इंजिनला काही फरकच पडला नाही. जसं कण्हत होतं तसंच कण्हत राहिलं.

“तिसरा मेलाय,” ती म्हणाली.

स्टिअरिंगमागे बसलेल्या नवऱ्याने खिडकीतून मान बाहेर काढली. “मग? किती वेळ?”

“दिवा काय म्हणतोय?”

“मिचकावतोय. मघापासून डोळा मारतोय मेला.”

“बंद करा गाडी.”

त्याने किल्ली फिरवली. गॅरेजमध्ये एकदम शांत झालं. मागच्या हौद्यात गुंडाळलेल्या गादीवर बसून लेक सफरचंद खात होती, तिच्या चावण्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

लेकीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला बापलेक सकाळी निघाले होते. गाव डोंगराच्या खांद्यावर वसलेलं. कुठेही जायचं तर आधी उतरावं लागायचं, या अंगाने नाहीतर त्या अंगाने. घाटाच्या तोंडाशी पोचायच्या आतच पिकअप थरथरायला लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. नवऱ्याचं म्हणणं, खाली गेल्यावर बघू, जुन्या गाड्यांचे दिवे असेच लागतात, फार तर त्याच्यावर चिकटपट्टी लावू. पण लेकीने हट्टाने गाडी मागे फिरवायला लावली. दिवा मिचकावला की थांबायचं, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं होतं.

ऐकलं होतं ते आजोबांकडून. घरात ते सगळ्यांचे अण्णा. गॅरेज त्यांनी उभं केलेलं. एकुलत्या एका मुलाला तेलाच्या वासाने मळमळायचं. तो बँकेत चिकटला आणि सुखी झाला. सून मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चहा द्यायला म्हणून गॅरेजात आली, कप रिकामा व्हायची वाट बघत उभी राहिली आणि मग उभीच राहिली. आधी पाने पुसून द्यायची, मग हातात द्यायची, मग स्वतःच चालवायला लागली. गल्लीतल्या लोकांनी चेष्टेने तिला मिस्त्रीण म्हणायला सुरुवात केली. पुढे चेष्टा गेली आणि नाव राहिलं.

“दिवा नुसता लागला तर घाबरायचं नाही, घरी येऊन बघायचं,” अण्णांनी तिला शिकवलं होतं. “मिचकावला तर जिथे असशील तिथे थांबायचं. पेट्रोल जळायचं तिथे जळत नाहीये आणि पुढे सायलेन्सरच्या पोटात जाऊन पेटतंय. तो दिवा डोळा मारत नाही पोरी, हात जोडतो.”

एरवी हे सगळं सांगत ते तिच्या खांद्यावरून वाकून बघत असते. तिला बाजूला सारून स्वतःच हात घातला असता. आज ते शटरच्या खांबाला टेकून उभे होते. एक हात विजारीच्या खिशात होता. सकाळपासून एक अवाक्षर बोलले नव्हते, आणि गाडी परत आलेली बघून त्यांना नवलही वाटलेलं दिसलं नव्हतं.

मिस्त्रिणीने गाडीचा दोष दाखवणारा स्कॅनर जोडून बघितला. त्यानेही तिसऱ्याचंच नाव घेतलं. मग तिने दुसऱ्याची वायर तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला लावून गाडी पुन्हा चालू करायला सांगितली. वायर खराब असती तर खोड दुसऱ्याकडे सरकली असती. सरकली नाही. म्हणजे वायर बरी होती, प्लग गेला होता. पण चारही प्लग नवे कोरे होते. बहिणीच्या बाळंतपणाला जाण्याआधी तिने ते स्वतः घातले होते, या प्रवासासाठीच. परवा रात्री ती परतली होती. मधले दिवस अण्णा एकटेच गॅरेज बघत होते.

तिने लांब पाना घालून प्लग सोडवला आणि उजेडाकडे धरला.

पेट्रोलने ओला होता. आणि टोकाची ती वाकडी पट्टी, जिच्यात आणि मधल्या काडीत ठिणगीपुरती फट असते, ती पट्टी काडीला चिकटून बसली होती. पडला असेल, तिच्या मनात आलं. घालताना हातून पडला की असं होतं. पण पडलेल्या प्लगच्या कडेला चरा उमटतो, पांढरी चिनीमाती तडकते. इथे काही नव्हतं. तिने चिंधीने टोक पुसलं. पट्टीच्या पाठीवर दोन ठसे होते, शेजारी शेजारी, पक्कडीच्या दातांचे.

तिने ठशांवरून नख फिरवलं. गॅरेजची किल्ली तिच्याकडे आणि अण्णांकडेच होती. नवऱ्याला तर बॉनेट कुठून उघडतं तेही विचारावं लागायचं.

तिने वर बघितलं. अण्णा प्लगकडे बघत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते.

“प्लग गेलाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “नवा घालते. तुम्ही दोघं घरात जाऊन चहा घ्या तोवर.”

“नवेच घातले होतेस ना?”

“नवा माल खराब निघत नाही का?”

“वसतिगृहाचं ऑफिस दुपारी बंद होतं, एवढं लक्षात ठेव.” तो उतरला, लेकीला हाक मारली. दोघं मागच्या दाराने घरात गेली. मिस्त्रिणीने शटर अर्धं खाली ओढलं.

“अण्णा, हे तुम्ही केलंत?”

अण्णा पुढे आले. तिच्या हातातून प्लग घेऊन त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसा.

“नीट दाबलाय,” ते म्हणाले. “जराही फट ठेवली नाही.”

“कशासाठी?”

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि तिच्यापुढे उघडला. तळहातावर एक बोल्ट होता. करंगळीएवढा, डोक्याशी काळसर, आट्यांमध्ये जुनं ग्रीस. बराच वेळ मुठीत राहिल्याने तळहातावर त्याची लाल खूण उठली होती.

“हा माझ्या खिशात निघाला. विजार धुवायला टाकताना.”

तिने तो उचलला. बघताच कळलं. पुढच्या चाकाच्या आत ब्रेकचा लोखंडी जबडा असतो, कॅलिपर. पाय दाबला की तो चाकाची तबकडी आवळतो. तो दोन बोल्टांवर बसतो. त्यातला एक नसला तरी गाडी चालते, कधी कधी बरेच दिवस चालते, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग एखाद्या वळणावर जोरात ब्रेक दाबावा लागतो.

“कुठल्या गाडीचा?” तिने विचारलं.

“तेच तर आठवत नाही,” अण्णा म्हणाले.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. अर्ध्या शटरखालून तिची चाकं जाताना अण्णांनी बघितली.

“तू जाताना सांगून गेली होतीस, पिकअपचे ब्रेक बघून ठेवा. मी बघितले. चाकं काढली होती, एवढं आठवतं. लावली कधी, ते आठवत नाही. पुन्हा उघडून बघायचं ठरवलं. दोनदा जॅक लावला.” ते थांबले. “दोन्ही वेळा कुणीतरी आलं आणि मग मी जॅक का लावलाय तेच मला उमगेना. मग म्हटलं, गाडी जायलाच नको. नुसती बंद पाडली असती तर तुझ्या नवऱ्याने पोरांना बोलावून ढकलून चालू केली असती. तसाच आहे तो. पण दिवा मिचकावला की पोरगी गाडी तुझ्याकडे आणणार. आणि तू तळापर्यंत गेल्याशिवाय सोडणार नाहीस.”

“मला नुसतं सांगायचं होतंत.”

“काय सांगायचं होतं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. मिस्त्रिणीने जॅक ओढून घेतला आणि खाली बसली.

डावं चाक काढलं. कॅलिपर जागेवर होता. वरचा बोल्ट होता, खालचाही होता. तिने पाना लावून बघितला, दोन्ही घट्ट. उजवं चाक काढलं. तिथेही दोन्ही होते आणि इतके व्यवस्थित आवळलेले की आवळणाऱ्याचा हात कळावा. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. दुसऱ्याच क्षणी तिचं लक्ष बाजूच्या चिंधीवर ठेवलेल्या त्या बोल्टकडे गेलं, आणि ओझं पुन्हा चढलं, आधीपेक्षा जड.

“इथला नाही, अण्णा.”

“नाही?” ते आशेने हसले. मग त्यांनाही कळलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

“मी नसताना अजून कुणाचे ब्रेक केलेत?”

ते स्टुलावर बसले. लिहून ठेवायची सवय त्यांना कधीच नव्हती. आख्ख्या गावातल्या गाड्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ असायची, कुणाच्या गाडीला कधी काय घातलं ते मालकाच्या आधी ते सांगायचे. आता त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिले.

“लाँड्रीवाला,” ते म्हणाले. “त्याची व्हॅन. हां, लाँड्रीवालाच. तो उभा राहून बोलत होता. त्याला जावई शोधायचाय, तेच पुराण. मी कॅलिपर सोडवला होता, पॅड बदलले. मग घरातला फोन वाजला म्हणून आत गेलो. परत आलो तर चाक लावलेलं होतं.” त्यांनी डोळे उघडले. “मीच लावलं असणार. दुसरं कोण होतं?”

मिस्त्रिणीने लाँड्रीवाल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, हे तिला माहीत होतं. सज्जन माणूस होता. या वेळी तो चादरींचे गठ्ठे घेऊन खालच्या इस्पितळात जायचा, रोज, पूर्वेकडचा सगळा उतार उतरून.

अण्णांनी चिंधीवरचा बोल्ट उचलून पुन्हा खिशात टाकला. तिने पिकअपची चाकं चढवली. नवा प्लग काढला, फट मोजली, तिसऱ्यात बसवला, वायर लावली. स्कॅनरवरून जुनी नोंद पुसली आणि किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात बोलू लागलं. दिवा लागला आणि विझला. इतकं साधं, सरळ काम. एरवी तिने हात पुसत अण्णांकडे बघितलं असतं आणि त्यांनी मान डोलावली असती.

आवाज ऐकून नवरा कप हातात घेऊनच आला. “झाली? निघू मग?”

“अर्धा तास थांबा. एकदा उतारावर नेऊन बघते. अण्णा येतायत बरोबर. मागचं सामान उतरवा, रिकामी पळवून बघायचीय.”

“आता आणखी काय बघायचंय?”

“लेक बसणार आहे ना त्यात?”

 कुरकुरत त्याने गादी आणि पेट्या उतरवल्या, भिंतीशी रचल्या. तो पाठमोरा असताना अण्णांनी तिच्या कोपराला हात लावला.

“त्याला आज नको सांगूस,” ते हलकेच म्हणाले. “पोरीला सोडून येऊ दे. मग सांग. तूच सांग.”

तिने मान हलवली. मग गाडी बाहेर काढली.

पूर्वेकडचा रस्ता अरुंद होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे. ती दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होती. प्रत्येक वळणाआधी तिची नजर डांबरावरून काठाकडे जायची, काळे ओरखडे शोधत, आणि ते नाहीत असं दिसलं की पुढच्या वळणाकडे. एका ठिकाणी कठडा फुटलेला होता. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग दिसलं, फुटलेल्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. फार जुनं फुटलेलं.

“हातांना सगळं आठवतं,” अण्णा समोर बघत म्हणाले. “काम सुरू केलं की हात चुकत नाहीत. कुठला पाना, किती आवळायचं, सगळं बरोबर. मध्येच कुणी हाक मारली की मग पंचाईत. परत यावं तर आपण कुठे होतो तेच सापडत नाही. घर तेच, पण आपण दुसऱ्याच दाराने आत आलो, असं होतं.”

“कधीपासून?”

“तुझी सासू असती तर तिला कळलं असतं,” ते म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण तिला त्यातून हवं ते कळलं.

“कुणाला बोलला नाहीत.”

“कुणाला बोलायचं? बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी मुलाने हातातला पाना काढून घेतला असता. बरोबरच केलं असतं त्याने.” थोड्या वेळाने म्हणाले, “तू पण घेशील आता.”

 पुढच्या वळणावरून एक बस वर येत होती. तिने गाडी कातळाला चिकटवून उभी केली आणि बस जाऊ दिली. बसच्या खिडक्यांमधून लोक खाली बघत होते. अण्णांनी त्यांच्यातल्या कुणाला तरी ओळखून हात केला. मग हात तसाच मांडीवर परत आणून ठेवला.

इस्पितळाच्या मागच्या अंगणात व्हॅन उभी होती.

 गाडी उभी करून मिस्त्रीण क्षणभर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. लाँड्रीवाला मागचं दार उघडून गठ्ठे उतरवत होता. दोघांना बघून त्याचा चेहरा खुलला.

“अण्णा! मनातलं ओळखलंत की! सकाळपासून पुढच्या डाव्या चाकात काहीतरी टकटक करतंय. म्हटलं संध्याकाळी गॅरेजला टाकतो. आणि घ्या, गॅरेजच चालत आलं.”

“ब्रेक कसा लागतोय?” मिस्त्रिणीने विचारलं.

“लागतोय. जरा खेचतो एका बाजूला. पण लागतोय.” मग तिच्याकडे नीट बघून तो म्हणाला, “काय झालं?”

“काही नाही. बघू दे.”

तिने मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, चाक काढलं. अण्णा तिच्या शेजारी उकिडवे बसले. कॅलिपर वरच्या एकाच बोल्टवर लोंबत होता. खालच्या बोल्टचं भोक रिकामं होतं. चाक फिरताना कॅलिपर आत घासला होता, आणि रिमच्या आतल्या अंगावर एक गोल रेघ चांदीसारखी चमकत होती. वरचा बोल्टही सैल पडत आला होता. ती हाताने फिरवू शकली.

“बाप रे,” लाँड्रीवाला मागून म्हणाला. मग तो उतरवलेल्या गठ्ठ्यावर जाऊन बसला.

“हा घे,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, गॅरेजातल्यासारखा. खिशातून बोल्ट काढून त्यांनी तो बाहीला पुसला. कॅलिपर एका हाताने उचलून भोकं जुळवली आणि बोल्ट बोटांनी आत फिरवला. अर्धा वेढा गेला आणि अडला. त्यांनी बाहेर काढला, आट्यांवर फुंकर मारली, पुन्हा लावला. पुन्हा अडला.

“तिरका जातोय. तू बघ.”

मिस्त्रिणीने घेतला. सरळ धरून, अगदी हलक्या हाताने फिरवला. अडला. तिने कॅलिपरचा वरचा बोल्ट सोडवला, बाहेर काढला आणि दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी तळहातावर ठेवले. डोकी सारखी होती. अण्णांच्या खिशातला बोल्ट किंचित जाड होता. आटे वेगळे होते.

व्हॅनचा बोल्ट वाटेत कुठेतरी गळून पडला होता. आवळायचा राहून गेला होता आणि गळून पडला होता. हा दुसऱ्याच गाडीचा होता.

तिने मूठ मिटली. “मामा, तुमच्या मापाचा दुसरा बोल्ट आणावा लागेल,” ती लाँड्रीवाल्याला म्हणाली. “तोवर गाडी इथून हलवू नका. काहीही झालं तरी.”

“हलवतोय कशाला! चालत घरी जाईन.” त्याने हसायचा प्रयत्न केला.

ती अण्णांजवळ सरकली. ते अजून उकिडवेच बसले होते, रिकाम्या भोकाकडे बघत.

“अण्णा, अजून कुणाची? आठवा. घाई नाही. अजून कुणाची गाडी आली होती?”

ते आठवत होते. दिसत होतं तिला, कपाळावर, जबड्यावर, गुडघ्यावर टेकलेल्या बोटांत. इस्पितळाच्या फाटकातून एक रिक्षा आत आली, एक मोटार बाहेर गेली. प्रत्येक वेळी त्यांनी मान वर करून पुढच्या चाकाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“लाल काहीतरी होतं,” ते म्हणाले. “बाई होती कुणीतरी. आपल्याला पेरू देऊन गेली.”

तिचा फोन वाजला. लेकीचा होता.

“आई, आम्ही निघालो बरं का. बाबा थांबायला तयारच नव्हते. ऑफिस बंद होईल म्हणाले.”

“निघालात? कशात?”

“समोरच्या काकूंची गाडी घेतली. काकूच म्हणाल्या, न्या, बिनधास्त न्या, मागच्याच आठवड्यात तुझ्या आजोबांनी ब्रेक नवे करून दिलेत. बाबांनी गादी वर बांधलीये, कसलं ध्यान दिसतंय माहितीये—”

समोरच्या काकूंची गाडी लाल होती. त्यांच्या अंगणात पेरूचं झाड होतं. मिस्त्रिणीने अण्णांकडे बघितलं नाही. ती उठून उभी राहिली आणि व्हॅनच्या पत्र्यावर एक हात टेकला.

“कुठे आहात आत्ता?”

“घाटात. पश्चिमेकडच्या. आई, इथून सगळी दरी दिसते, तू असायला हवी होतीस.”

“ऐक,” ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. “बाबांना सांग, गाडी थांबवा. ब्रेकवर जोर द्यायचा नाही. गिअर खाली आणा, दुसरा, मग पहिला, आणि डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवा. आत्ता. मी सांगितलंय म्हणून सांग.”

“का गं? काय झालं?”

“सांग त्यांना आधी.”

पलीकडे लेकीचा आवाज लांब गेला. काहीतरी बोलणं झालं, वाऱ्यात आणि इंजिनाच्या घरघरीत अर्धवट विरलेलं. नवरा हसल्यासारखं ऐकू आलं. अण्णा जमिनीला हात टेकून उठले होते आणि तिच्यासमोर येऊन उभे होते.

“उतार संपला की थांबवतो म्हणतायत,” लेक म्हणाली.